पोटांतील गोष्ट

मराठी भाषेनें पोटावर जितका भार टाकला आहे तितका शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवावर टाकलेला नाहीं. हृदय हा शब्द आम्ही बहुतेक काव्यासाठीं राखून ठेवला. रोजचा संसार चालतो तो पोटावर. उपजीविका म्हटली कीं ती पोटापाण्याची. मूल म्हटलें कीं तें पोटचें. कळकळ ती पोटतिडीक. दुसऱ्याचा उत्कर्ष पाहवला नाहीं तर दुखतें तें पोट. आणि दुसऱ्याच्या अपराधाची क्षमा करावयाची तर तोही पोटांतच घालावा लागतो. भय वाटलें कीं पोटांत गोळा उठतो, आणि जें कोणास सांगावयाचें नसतें तें आपण पोटांत ठेवतों. इतक्या भावनांचें ओझें निमूटपणें वाहणारें हें पोट एखादे दिवशीं स्वतःविषयींच कांहीं सांगूं लागलें, तर मात्र आम्हां सुशिक्षितांची वाचा बसते. प्रस्तुत लेखाचा विषय ही बसलेली वाचा हाच होय.

हा विषय सभ्य वाङ्मयास शोभण्याजोगा नाहीं, असें कित्येक वाचकांस वाटेल. त्यांस आम्ही इतकेंच विचारूं कीं, आपल्या पूर्वजांस तो अशोभनीय कां वाटला नाहीं? चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत 'नवेगान्धारणीय' नांवाचा एक संबंध अध्याय आहे. शरीराच्या ज्या तेरा नैसर्गिक वेगांचा अवरोध करूं नये असें त्यांत सांगितलें आहे, त्यांत मलमूत्राचे वेग शिंक, जांभई आणि अश्रु यांच्याच पंक्तीस बसविलेले आहेत. मनुष्याचा कोठा मृदु, मध्यम कीं क्रूर, आणि त्याचा अग्नि सम, विषम, तीक्ष्ण कीं मंद, हा विचार आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनीं अगदीं निःसंकोचपणें केला आहे. ज्या गोष्टीस शास्त्रानें आसन दिलें तिला आमच्या दिवाणखान्यांत उभें राहण्यासही जागा नसावी, ही गोष्ट आमच्या सभ्यतेस फारशी भूषणावह नाहीं.

आतां प्रत्यक्ष अनुभवाकडे वळूं. आमचा कोठा गेलीं तीस वर्षें इतका नियमित होता कीं, त्यावर घड्याळ लावावें. गेल्या श्रावणांत या घड्याळांत बिघाड झाला. एखादे दिवशीं सकाळींच तीन वेळां जावें लागे, तर पुढचे दोन दिवस कांहींच हालचाल नसे. जाऊन आल्यावरही मोकळें वाटूं नये, डाव्या कुशींत कांहींतरी गुरगुरावें, दुपारीं पोट नगाऱ्यासारखें व्हावें. दुखणें म्हणावें तर दुखत नव्हतें, आणि बरें आहे म्हणावें तर तेंही खरें नव्हतें. प्रथम साबुदाण्याच्या खिचडीवर संशय आला. उपास संपले, तक्रार संपली नाहीं. मग पावसाळ्याच्या पाण्यावर, मग उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर, मग एका लग्नांतील जिलबीवर आळ घेऊन झाला. प्रत्येक कारण दोन दिवस पुरे, आणि तिसऱ्या दिवशीं पोट त्यास निर्दोष ठरवून सोडून देई.

ज्या दुखण्यास नांव आहे तें दुखणें घरीं आलेल्या नावडत्या पाहुण्यासारखें असतें. तो किती दिवस राहील आणि काय खाईल याचा अदमास असतो. नांव नसलेलें दुखणें म्हणजे मध्यरात्रीं माडीवर वाजणारीं पावलें. दिवसा आमचें मन आमच्या ताब्यांत असे. वर्गांत उभे राहून एखाद्या कवितेचा अर्थ सांगतां सांगतां मात्र एकाएकीं लक्षांत येई कीं, आपलें तोंड कवितेवर बोलत आहे आणि आपलें ध्यान डाव्या बरगडीच्या खालीं जाऊन बसलें आहे. रात्रीं तर हिशेबच सुरू होई. कमरेचा पट्टा एका भोंकानें सैल झाला कीं काय? वजन अर्धा किलो उतरलें तें काट्याच्या दोषानें, कीं आणखी कशानें? या 'आणखी कशानें' पुढें विचार जाऊं नये म्हणून मनुष्य कूस बदलतो, आणि दुसऱ्या कुशीवरही तोच विचार त्याची वाट पाहत असतो.

आठव्या दिवशीं आम्ही ही गोष्ट सौभाग्यवतींच्या कानांवर घातली. त्या भाजी निवडीत होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, "मला चार दिवसांपासून ठाऊक आहे. हल्लीं वर्तमानपत्र न्हाणीघराच्या खिडकींत सांपडतं." नंतर घरगुती चिकित्सा सुरू झाली. इसबगोल आला, त्रिफळाचूर्ण आलें, ओवा आणि हिंग तर घरांत होतेच. ताक वाढलें आणि वांगें बंद झालें. या उपायांची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. इसबगोलाचा भुसा पाणी धरून ठेवतो आणि मळास योग्य तो मऊपणा देतो, हें आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. परंतु उपाय आणि निदान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. उपायानें पोट थोडें निवळलें. निदानावांचून मन निवळेना.

आणि मन निवळल्यावांचून पोट तरी पुरतें कसें निवळावें? या दोहोंचें सख्य किती जुनें आहे याचे दोन दाखले येथें देण्याजोगे आहेत. अमेरिकेंत मॅकिनॅक बेटावर १८२२ सालीं अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुणास अपघातानें बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, परंतु जठरांत उघडणारें एक छिद्र कायमचें राहिलें. त्याच्यावर उपचार करणारा लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यानें या खिडकींतून पुढें कित्येक वर्षें पचनाची क्रिया डोळ्यांनीं पाहिली व १८३३ सालीं आपलीं निरीक्षणें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. सेंट मार्टिन रागावला कीं त्याच्या जठराच्या कामांत फरक पडतो, हें त्यानें नोंदवून ठेवलें आहे. पुढें क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन यानें मांजरांस बिस्मथ मिसळलेलें अन्न देऊन त्यांच्या जठराचें चलनवलन पाहिलें. मांजर अस्वस्थ झालें कीं जठराच्या लाटा थांबत, आणि तें शांत होऊन गुरगुरूं लागलें कीं पुन्हां सुरू होत. हीं निरीक्षणें त्यानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलीं. आज आपणांस ठाऊक आहे कीं, अन्नमार्गाच्या भिंतींतच दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचें जाळें पसरलेलें आहे आणि त्याचें मेंदूशीं दोन्ही दिशांनीं दळणवळण चालू असतें. चिंतेनें जठर मंदावतें, उलट मोठें आतडें चेकाळतें. म्हणजे पोटांत गोळा उठतो असें म्हणणाऱ्या आमच्या आज्या शरीरशास्त्रच बोलत होत्या. पोट बिघडलें म्हणून मनुष्य चिंता करतो, चिंतेनें पोट अधिक बिघडतें, आणि तें अधिक बिघडलेलें पाहून चिंतेस नवा पुरावा मिळतो. या चक्रास सुरुवात कोठें हें शोधीत बसणें व्यर्थ आहे. तें तोडावयाचें कोठें, एवढाच प्रश्न खरा.

असल्या दुखणाईतांत चार्ल्स डार्विन हा बहुधा सर्वांत थोर. उमेदीच्या वयापासून वायु, ओकाऱ्या व अशक्तपणा यांनीं त्यास ग्रासलें होतें. १८४९ सालीं तो माल्व्हर्न येथें डॉक्टर गली यांच्याकडे जलोपचारासाठीं जाऊन राहिला, आणि त्या वर्षापासून १८५५ पर्यंत आपल्या प्रकृतीची दररोजची नोंद एका वहींत करीत राहिला. त्याच्या दुखण्याचें नेमकें नांव त्यास आयुष्यांत कधींच कळलें नाहीं. त्याच्या पश्चात् विद्वानांनीं अनेक तर्क केले, तरी एकमत झालें नाहीं. या स्थितींतच त्यानें १८५९ सालीं आपला जगप्रसिद्ध ग्रंथ दिला, आणि १८८२ सालीं वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षीं तो वारला तो हृदयाच्या विकारानें. आम्हांस या चरित्रांत विशेष वाटते ती एक लहानशी गोष्ट. डार्विननें आपलें पोट पोटांत ठेवलें नाहीं. मित्रांस लिहिलेल्या पत्रांतून जीवसृष्टीच्या चर्चेशेजारींच तो आपल्या पोटाची हकीकत देतो, आणि त्याची पत्नी एमा हिनें जन्मभर त्याची शुश्रूषा केली. दुखण्यास नांव मिळालें नाहीं. परंतु तें एकट्याचें राहिलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण आमच्या घरांतलें आहे, आणि तें सांगतांना लेखणी जड होते. आमचे एक चुलते टपालखात्यांत नोकरीस होते. अत्यंत टापटिपीचे, अबोल, कोणावर आपला भार पडूं न देणारे. १९८६ सालच्या सुमारास त्यांस शौचावाटे रक्त जाऊं लागलें. मूळव्याध असेल असें त्यांनीं स्वतःशींच ठरविलें, आणि तिखट सोडलें. पुढें त्यांनीं लग्नामुंजींस जाणें सोडलें, प्रवास सोडला, संध्याकाळचें जेवण सोडलें. घरांत कोणी विचारलें नाहीं; वडीलधाऱ्या माणसास असलें कांहीं विचारावयाचें तरी कसें? दीड वर्षानें ते बोलले तेव्हां आतड्यांतील व्याधि यकृतापर्यंत पोंचली होती. पांच महिन्यांत ते गेले. त्यांच्या मागें काकूंस दुधाच्या हिशेबाची वही सांपडली. तींत रोजच्या शेरअच्छेराच्या आंकड्यांशेजारीं, कांहीं तारखांपुढें, तांबड्या पेन्सिलीनें काढलेली एक बारीक फुली होती. पहिल्या पानांवर फुल्या तुरळक होत्या. शेवटच्या पानांवर एकही दिवस मोकळा नव्हता. काकू ती वही हातांत घेऊन एवढेंच म्हणाल्या, "दूध रोज मीच घेत होतें."

आमच्या रात्रींच्या हिशेबांत 'आणखी कशानें' या शब्दांमागें काय उभें होतें, हें आतां वाचकांस सांगावयास नको.

भयाच्या दोन वाटा आहेत, आणि दोन्ही आडवाटा. एक चुलत्यांची, म्हणजे न पाहण्याची. दुसरी आजच्या काळांतील, म्हणजे अहोरात्र पाहत राहण्याची. हातांतील भ्रमणध्वनीस एखादें लक्षण विचारावें, आणि त्यानें अजीर्णापासून मृत्युपर्यंत सर्व शक्यता एकाच पंक्तींत वाढाव्यात! तर्कशास्त्र शिकविणारे आमचे एक सहकारी एके सकाळीं पांढरेफटक चेहऱ्यानें कॉलेजांत आले. शौचास तांबडें झालें, असें त्यांनीं आम्हांस एका बाजूस घेऊन सांगितलें; रात्रभर वाचन करून त्यांनीं आपलें मृत्युपत्रही मनांत तयार ठेवलें होतें. त्यांच्या पत्नीस दूरध्वनि केल्यावर उलगडा झाला कीं, आदल्या दिवशीं घरीं बीटची कोशिंबीर होती आणि प्राध्यापकमजकुरांनीं ती तीन वेळां मागून घेतली होती. धूर दिसला तेथें अग्नि, हें अनुमान शिकविणाऱ्यास हा धूर कोशिंबिरीचा आहे हें सुचलें नाहीं. तथापि आमच्या मतें चुलत्यांहून ते शतपटीनें शहाणे. कारण त्यांनीं विचारलें.

विचारण्यानें काय होतें याचें एक सार्वजनिक उदाहरणही आहे. केटी कूरिक या अमेरिकन वृत्तनिवेदिकेचे पति १९९८ सालीं मोठ्या आतड्याच्या कर्करोगानें वारले. त्यांचें वय अवघें बेचाळीस होतें. २००० सालच्या मार्च महिन्यांत या बाईंनीं आपल्या आतड्याची दुर्बिणीनें होणारी तपासणी दूरदर्शनवर लाखों लोकांस दाखविली. त्यानंतर त्या देशांत अशा तपासण्यांचें प्रमाण वाढल्याचें अभ्यासकांस आढळून आलें. आमच्याकडील सभ्य गृहस्थ हें वाचून कानांवर हात ठेवतील. परंतु त्या एका सकाळच्या निर्लज्जपणानें किती घरांतील हिशेबाच्या वह्या कोऱ्या राहिल्या असतील, हाही विचार त्यांनीं करावा.

असो. आम्ही डॉक्टरांकडे गेलों. ते आमचेच जुने विद्यार्थी. बारावीस आमच्याकडे इंग्रजी शिकलेले. त्यांनीं विचारलेले प्रश्न येथें देतों, कारण ते प्रत्येक घरांत ठाऊक असावेत असें आम्हांस वाटतें. रक्त जातें काय, किंवा मळ डांबरासारखा काळा होतो काय? प्रयत्न न करतां वजन उतरलें काय? रात्रीं गाढ झोपेंतून पोट उठवतें काय? अंगांत रक्त कमी झालें आहे काय? जवळच्या नात्यांत आतड्याचा कर्करोग कोणास झाला होता काय? आणि वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढें असून हा बदल प्रथमच झाला व कित्येक आठवडे टिकला काय? यांपैकीं एकासही होकार असेल तर तर्क पुरे, तपासणी हवी. त्यांनीं असेंही सांगितलें कीं, दिवसांतून तीन वेळांपासून आठवड्यांतून तीन वेळांपर्यंत कांहींही निरोगी मनुष्याच्या बाबतींत स्वाभाविक असूं शकतें. महत्त्व आंकड्यास नाहीं, नेहमींच्या रीतींत पडलेल्या फरकास आहे. मळाच्या स्वरूपाचें वर्णन करतांना आम्ही अडखळूं लागलों तेव्हां त्यांनीं एक चित्रांकित तक्ता पुढें केला. ब्रिस्टल येथील संशोधकांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या या तक्त्यांत मळाचे सात प्रकार दाखविलेले आहेत. "सर, नुसता आंकडा सांगा," ते म्हणाले. तीस वर्षें शब्दांवर पोट भरणाऱ्या मनुष्यास आंकड्याचा इतका आधार पूर्वीं कधीं वाटला नव्हता.

वयाकडे पाहून दुर्बिणीची तपासणी ठरली. तिच्या आदल्या दिवशीं कोठा स्वच्छ करण्याकरितां खारट द्रवाचे जे पेले प्यावे लागतात, त्यांच्या मानानें प्रत्यक्ष तपासणी म्हणजे कांहींच नव्हे. ती आम्हांस झोपेंतच झाली. सुमारें पांच फूट लांबीच्या या अंधाऱ्या मार्गांत जे लहान मोड उगवतात, त्यांपैकीं कांहींचा पुढें कर्करोग होतो. परंतु त्यास बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो. असे मोड पोट न फाडतां दुर्बिणीवाटेच काढून टाकण्याची युक्ति १९६९ सालीं न्यूयॉर्क येथें शिन्या आणि वुल्फ या शस्त्रवैद्यांनीं साधली. याचा अर्थ असा कीं, ही व्याधि बहुतेक वेळां पुष्कळ आधीं दार ठोठावते, आणि दार उघडणाऱ्याच्या हातीं कांहीं वर्षें असतात. चुलत्यांच्या काळींही ही युक्ति होती. तिच्यापर्यंत पोंचण्यास एक वाक्य बोलावें लागलें असतें.

आमच्या तपासणींत कांहींही निघालें नाहीं. आतड्याची रचना निर्दोष, वर्तन मात्र लहरी, असा एकंदर निकाल. या लहरीपणास वैद्यकांत नांव आहे, आणि तो ओळखण्याचे निकषही आहेत. रोम नगराच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या निकषांची चौथी आवृत्ति २०१६ सालीं निघाली. परंतु त्यांत पोटदुखी आवश्यक मानली आहे, आणि आमचें पोट दुखत नव्हतें. त्यामुळें डॉक्टरांनीं आम्हांस तेंही नांव दिलें नाहीं. "कारण सांपडलं नाहीं, सर. पण जें नसावं असं वाटत होतं, तें नाहीं. तीन महिन्यांनीं पुन्हां भेटूं. मधें वरच्या प्रश्नांपैकीं कशाचंही उत्तर बदललं तर लगेच या."

कारण सांपडलें नाहीं, हें उत्तर घेऊन घरीं येणें सोपें नसतें. शिकलेल्या मनुष्यास अज्ञान सोसत नाहीं. त्यास चुकीचें कां होईना, पण उत्तर हवें असतें. आजही अधूनमधून आमचें पोट आपला जुना लहरीपणा दाखवितें, आणि त्या रात्रीं झोप थोडी उशिरा येते. परंतु आतां चिंतेस मर्यादा पडली आहे. चिंता ही घराच्या दारावरील पहारेकऱ्यासारखी आहे. संशयास्पद चाहूल लागली कीं धन्यास जागें करणें हें तिचें काम, आणि त्याकरितां तिचे उपकारच मानले पाहिजेत. धनी उठला, त्यानें दिवा घेऊन सर्व खोल्या पाहिल्या, कीं मग तिनें रात्रभर ओरडत राहण्याचें कारण नाहीं. तिला बडतर्फ करूं नये, आणि तिच्या हातीं घराच्या किल्ल्याही देऊं नयेत. जो धनी मुळीं उठतच नाहीं त्याचा पहारेकरी ओरडून ओरडून गप्प होतो. ती शांतता सर्वांत वाईट.

आमच्या घरीं सध्यां दीड वर्षाची नात आहे आणि सत्याऐंशी वर्षांच्या मातुःश्री आहेत. या दोघींच्या पोटाची चौकशी रोज सकाळीं चहाबरोबर मोकळेपणानें होते. झालें कीं नाहीं, कसें झालें, कितीदां झालें, यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. या दोन टोकांच्या मधलीं साठ-सत्तर वर्षें मात्र कोणी कोणास विचारीत नाहीं आणि कोणी सांगत नाहीं. आमचे चिरंजीव पस्तिशीचे आहेत. परवां त्यांस आम्ही चहाच्या वेळीं सहज विचारलें, "काय रे, पोट बरें आहे ना?" त्यांनीं प्रथम आमच्याकडे, मग आपल्या आईकडे पाहिलें, आणि थोडें थांबून म्हणाले, "बाबा, बरं झालं विचारलंत."